दुपारचे पान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



असे उभे राहून बोलायची मला सवय नाही. मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे आणि चहापाणी बघणे. पण गेल्या वर्षी मी सव्वा महिना मुंबईला थोरल्या मुलाकडे राहून आले, आणि आल्यापासून नळावर, देवळात, एस.टी.च्या थांब्यावर, जिथे भेटाल तिथे तुम्ही विचारता, काय पाहिलेस मुंबईत? समुद्र पाहिला. बोरीबंदरचे ते मोठे स्टेशन पाहिले. पण सगळ्यात जास्त काय पाहिले म्हणाल तर दुपारी एक ते दोनच्या दरम्यान तिथली माणसे काय खातात, कुठे बसून खातात आणि कुणाच्या हातचे खातात, ते पाहिले. हे अध्यक्षाबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, मग त्याच्यावरच बोल. विषय हलका वाटला तर दोष त्यांना द्यावा.

आपल्याकडे दुपारचे जेवण ही बोलायची गोष्टच नव्हे. बाजरीची भाकरी, मठाची नाहीतर हुलग्याची आमटी, खरडा, कांदा. शेतात असलो तर बांधावर बाभळीच्या सावलीला फडके सोडायचे. घरात असलो तर आधी आत्याबाई आणि गडीमाणसांची पाने, मग पोरांची, आणि मग तव्यावरची शेवटची भाकरी हातावर घेऊन चुलीपुढेच चार घास खायचे. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली. दोन बाळंतपणे सोडली तर दुपारी मला कुणी पान मांडून, बस म्हणून वाढले, असे आठवत नाही. हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी एवढे लक्षात ठेवा.

आता आधी माझ्या वडिलांची गोष्ट सांगते, कारण मुंबईच्या दुपारच्या जेवणाशी आमच्या घराचा संबंध तिथून आहे.

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी पाहिलेला आहे. त्या साली माणदेशातली कितीतरी माणसे खडी फोडायच्या कामावर गेली, आणि ज्याचा कुणी मेव्हणापाव्हणा गिरणीत होता तो मुंबईला गेला. माझे वडील मुंबईला गेले. परळ-लालबाग भागात एका खोलीत पंधरा-वीस माणसे राहत. दिवसपाळीचा उठला की त्याच्या जागेवर रातपाळीचा पडायचा. अशा खोलीत चूल कुठली पेटणार? म्हणून सगळे खानावळीत जेवायचे. खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी कुणा कामगाराची बायको, नाहीतर विधवा, तिथेच वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करायची. तिला सगळे मावशी म्हणत आणि जेवणाऱ्यांना मेंबर म्हणत. महिन्याचे पैसे पगाराला द्यायचे, वही मावशीची. गिरणी तीन पाळ्यांत चाले, त्यामुळे तिच्याकडे सकाळ, दुपार, रात्र असा भेद नसे. कुणी दुपारी येऊन रात्रीचे जेवण जेवे, कुणी मध्यरात्री दुपारचे. कुणाचा डबा गिरणीच्या फाटकावर पोचवायचा असे. वडील सांगायचे, मावशीचा स्टोव्ह कधी गार झालेला मी पाहिला नाही. रविवारी मटण असायचे, आणि गावाकडून कुणी घाटी मसाला नाहीतर शेंगा आणल्या की त्या सगळ्यांच्या पानात जायच्या.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत पुढारी होते, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा तीन वर्षांची. सगळ्यांना वाटले महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि पुढे गिरण्याच गेल्या. या सगळ्याचे पुष्कळ लिहून आले आहे म्हणतात. पण मावशीचे बावीस मेंबर एकाच दिवशी बिनपगारी झाले, त्याचे काय? तिने वही मिटली नाही. पहिल्या महिन्यात भात, आमटी, भाजी, चपाती असे पान होते. मग भाजी गेली. मग चपातीची भाकरी झाली. मग तिच्या गळ्यातले मंगळसूत्र दिसेनासे झाले, आणि त्याबद्दल कुणी विचारायची हिंमत केली नाही. वडील पाच महिने थांबले आणि मग गावी परत आले. येताना वहीत चार महिन्यांचे देणे होते.

ते देणे त्यांनी इथून फेडले. रोजगार हमीच्या कामावर जाऊन, कधी वीस, कधी तीस रुपये अशा मनिऑर्डरी केल्या. माझी आई भांडायची. घरात मीठ न्हाई आणि खानावळवालीला मनिआर्डर, म्हणायची. वडील एकच म्हणत, "तिनं मला उपाशी झोपू दिलं न्हाई." मनिऑर्डर मिळाल्याच्या पावत्या येत, त्यांवर अंगठा असे. त्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या, आजही आहेत. शेवटचे थोडे देणे राहिले असताना एक मनिऑर्डर परत आली. मालकीण पत्त्यावर नाही, असा शेरा होता. त्यानंतर तिचा ठावठिकाणा लागला नाही.

अशा मावश्या मुंबईत हजारोंनी होत्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवावे म्हणून प्रेमा पुरव या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि गिरणी कामगारांत काम केलेल्या या बाई. खानावळवाल्यांचे गट करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण काय, तर बायांनी एकमेकींसाठी दिलेली हमी. पुढे २००२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आपल्या म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, तिची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्याच्या बावीस वर्षे आधी मुंबईत आमटी-भात रांधणाऱ्या बायका बँकेच्या दारात उभ्या राहिल्या होत्या, हे मला मुंबईला जाईपर्यंत माहीत नव्हते. वडिलांची मावशी त्यांतली होती की नव्हती, देव जाणे.

आता मुलाचे.

आमचा थोरला दहिवडीला बी.कॉम. झाला आणि फोर्टात एका कचेरीत हिशेबाच्या कामाला लागला. कोपरखैरणेला एका खोलीत चौघेजण राहतात. एक आटपाडीचा, दोघे खटावकडचे. गेल्या वर्षी फोन आला की तो स्टेशनवर चक्कर येऊन पडला. मी रात्रीची एस.टी. धरली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, पोटात आम्लाने जखम झाली आहे, हा दुपारी जेवतो काय? हा म्हणाला, हॉटेलात. मला जो राग आला, काय सांगू. हॉटेलाचे खाऊन पोराने पोटाची माती केली, असे मी त्याला आणि त्याच्या मित्रांना दिवसभर ऐकवले. तेल कसले, सोडा कसला, कुणाचे हात कसले. दुसऱ्या दिवशी हा झोपलेला असताना आटपाडीचा पोरगा हळूच म्हणाला, "मावशी, तुमी रागावू नका. ह्यो हाटेलात जेवत न्हाई. ह्यो दुपारचा जेवतच न्हाई. चारला एक वडापाव खातोय, त्यो बी कवातरी."

मी हिशेब केला. सातवी शिकले असले तरी हिशेब मला येतो. फोर्टात साध्या हॉटेलात राइस प्लेट घेतली तर सव्वाशे रुपये. महिन्याचे चोवीस-पंचवीस दिवस धरले की तीन हजार होतात. आदल्या वर्षी बोअर मारली तेव्हा मीच त्याला फोनवर म्हटले होते, हप्ता बसतोय, आणखी तीन हजार जमतात का बघ. त्याने एका शब्दाने विचारले नाही, पुढच्या महिन्यापासून सहाचे नऊ पाठवायला लागला. ते तीन हजार कुठून निघाले हे मी कधी विचारले नाही. आपण इथे भाकरी खात होतो ती त्याच्या दुपारच्या पानातली होती.

त्याला मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. त्या दिवशी मी हुलग्याचे माडगे केले, ते चौघांनी खाल्ले, आणि त्या दिवसापासून मी त्या खोलीची मावशी झाले. सकाळी पाचला उठून चार डबे. हसू येत होते. वडिलांची मावशी आठवत होती.

पंधरा दिवसांनी तो कामावर जायला निघाला. अजून पायांत जोर नव्हता, म्हणून पहिला आठवडाभर मी रोज बरोबर गेले. वाशीला गाडी बदलायची आणि बोरीबंदरला उतरायचे. तो कचेरीत जाई आणि मी हॉर्निमन सर्कलच्या बागेत बाकावर बसे. मोठी झाडे आहेत, सावली आहे. तिथे बसून मी मुंबईची दुपार पाहिली.

बाराच्या सुमाराला डबेवाले दिसू लागत. डोक्यावर लांब लाकडी खोके, त्यात डबे ओळीने लावलेले, डोक्यावर पांढरी टोपी. ही आपली मावळ-खेडकडची माणसे. महादू हावजी बच्चे नावाच्या गृहस्थांनी १८९० साली हे काम सुरू केले असे सांगतात. डब्याच्या झाकणावर रंगाने खुणा आणि अक्षरे असतात, त्यावरून कुठल्या स्टेशनाचा, कुठल्या इमारतीचा, कितव्या मजल्याचा, हे त्यांना कळते. करोनाच्या आधी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दीड-दोन लाख डबे पोचवत, असे सांगत. मार्च २०२० मध्ये सगळे थांबले आणि पुष्कळ जण गावी परतले ते परतलेच. डबे आता पूर्वीपेक्षा फार कमी झाले. मी पाहिले ते मोजकेच होते, पण त्यांची चाल पाहावी! एकाचाही पाय अडखळत नाही. एवढ्या डब्यांमागे पहाटे उठलेल्या तेवढ्याच बायका असणार, हे माझ्या मनात आले. पेपरात फोटो येतो तो टोपीवाल्यांचा.

एक वाजला की इमारतींतून माणसे बाहेर पडतात, मेंढरे वाड्यातून सुटावीत तशी. गल्लीत गाड्या लागलेल्या असतात. पावभाजी, डोसा, पुलाव, सँडविच. माणसे उभ्याने खातात, एका हातात ताटली, दुसऱ्या हातात फोन. सगळ्यांना घाई. मी एका गाडीवाल्या बाईला विचारले, इथे बसायची सोय का नाही? ती म्हणाली, बसली तर उठणार नाहीत ना!

मुलाने मला एक दिवस इराण्याच्या हॉटेलात नेले. हे लोक इराणातून आलेले, जरथुष्ट्राच्या धर्माचे. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या जागा घेऊन त्यांनी मुंबईभर हॉटेले काढली. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ सालचे आहे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे. गुळगुळीत दगडाची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर मोठे आरसे. एका काळी असे हॉटेल जिथे-तिथे होते, आता थोडी उरली आहेत. पावाला लोणी लावून चहात बुडवून खातात. मला ते जेवण काही वाटले नाही, सकाळची न्याहारी म्हणा फार तर. पण एक गोष्ट आवडली. एक कप चहा घेऊन म्हातारी माणसे तास-तास पेपर वाचत बसली होती आणि त्यांना कुणी ऊठ म्हणत नव्हते. पूर्वी काही ठिकाणी बायकामाणसांसाठी आत वेगळी खोली असायची, तिला फॅमिली रूम म्हणत, असे मुलाने सांगितले. मी म्हटले, बायकोला आत बसवून बाहेर चहा पिणारे निदान तिला घेऊन तरी येत होते.

सुट्टीच्या एका दिवशी पोरांनी मला माटुंग्याला नेले. तिथे स्टेशनजवळ रामा नायक यांचे १९४२ सालचे उडुपी बोर्डिंग आहे. केळीच्या पानावर वाढतात, सांबार, रसम, भात, पुरी, नको म्हणेपर्यंत. दक्षिणेकडून नोकरीला आलेल्या एकट्या माणसांची ती खानावळच. म्हणजे आपल्या घाटावरच्यांना लालबागची मावशी, तसे त्यांना हे. वाढणारे सगळे पुरुष. मी पानावर बसले आणि वाढप्या तिसऱ्यांदा भात घेऊन आला तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघाले, "तुमी जेवला का?" तो बिचारा बघतच राहिला. पोरे हसून हसून लोटपोट झाली.

आणि एक दिवस मात्र मी काचेच्या दुकानात गेले. म्हणजे मला नेले. मुलाच्या कचेरीत एक मुलगी आहे, कोकणातली, फार गोड बोलते. तिने मला बागेत बसलेली पाहिले आणि चला म्हणाली. आत गार हवा, मंद दिवे, पाटी सगळी इंग्रजीत. मला अक्षरे लागत होती पण पदार्थ समजत नव्हते. तिने एक सँडविच आणि एक सॅलड मागवले. सॅलड म्हणजे कच्ची पाने, वर चार दाणे आणि पनीरचे तुकडे. किंमत तीनशे ऐंशी रुपये. भगिनींनो, घोळ आणि तांदुळजा आपण बांधावरून ओटीभर फुकट आणतो, शेळ्यासुद्धा कधी कधी नको म्हणतात. मी तिला म्हटले, बाळ, एवढ्या पैशात आमच्याकडे चार माणसांचे दोन दिवस निघतात. ती रागावली नाही. म्हणाली, "मावशी, मी महिन्यातून दोनदाच येते. घरी सासू-सासरे, कचेरीत साहेब. इथे अर्धा तास मला कुणी हाक मारत नाही. त्याचे पैसे देते मी, पानांचे नाही." मी गप्प झाले. ती पाने मग मी सगळी खाल्ली. चवीला बरी होती.

परंतु मला खरे सांगायचे आहे ते त्याच्या दुसऱ्या दिवसाचे. त्या मुलीने मला कचेरीत वर बोलावले. जिन्याखाली एक लहान खोली आहे, तिथे सात-आठ बायका दुपारी डबे खातात. कुणी गुजराती, कुणी तमिळ, कुणी आपल्या सांगलीकडची, झाडलोट करणारी बाईही त्यांच्यातच. जुन्या वर्तमानपत्राचा कागद टेबलावर पसरला, डबे मधोमध उघडले, आणि हात कुणाचाही कुणाच्या डब्यात. कुणाच्या नणंदेचे लग्न, कुणाची लोकल चुकली, कुणाच्या साहेबाने काय म्हटले. मी सवयीने उभी राहून वाढायला लागले. चमचा हातात घेतलासुद्धा. तर त्या झाडणाऱ्या बाईने माझ्या हातातला चमचा काढून घेतला, खांद्याला धरून मला खुर्चीत बसवले, झाकणात भात, भाजी, लोणचे, ढोकळ्याचा तुकडा असे मांडून माझ्यापुढे ठेवले, आणि म्हणाली, बसा ओ ताई, आम्ही काय पळून चाललो नाही.

मला घास गिळेना. त्यांना वाटले तिखट लागले, कुणीतरी पाणी दिले.

पुढचे लवकर सांगते. मी निघायच्या आधी पोरांच्या डब्याची सोय लावायला हवी होती. कोपरखैरणेला माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे, त्यात आपल्या साताऱ्याकडची माणसे पुष्कळ. तिथे पोळी-भाजी केंद्र चालवणारी पाटणकडची एक बाई भेटली. रोज चाळीस डबे करते. तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात. मी तिचे पीठ पाहिले, तेल पाहिले, भांडी कशी घासते ते पाहिले. ती हसत होती, म्हणाली परीक्षा घ्या. शेवटी महिन्याला तीन हजार ठरले. म्हणजे तेच तीन हजार! उठताना मी तिला विचारले, तुम्ही स्वतः किती वाजता जेवता? म्हणाली, साडेतीन-चारला, भांडी झाल्यावर. उभ्यानेच.

घरी येऊन मालकांना सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्याला कळव, सहाच पाठव. हप्त्याचे बाकीचे आम्ही इथे बघतो आहोत. एक कालवड विकली. ओढाताण होते, होऊ दे. मुलाला रोज एक वाजता फोन करते आणि डबा उघडला का एवढे विचारते. तो वैतागतो.

लालबागलाही मी जाऊन आले, पेटीतल्या पावतीवरचा पत्ता घेऊन. चाळ नाही. त्या जागी एवढा उंच टॉवर आहे की वर बघताना पदर खाली पडला. तिथल्या पहारेकऱ्याला विचारले तर तो बिहारचा, त्याला काय माहीत. त्याच्याजवळ स्टीलचा डबा होता, पोळी आणि बटाट्याची भाजी. डबा कुणी केला विचारले तर म्हणाला, इथून जवळच एक चाची आहे.

आता आपल्या गावाकडचे बोलते आणि बसते.

उपाशी माणसाला दुपारचे पान मिळावे ही बुद्धी आपल्या मातीत नाही असे नव्हे. गोंदवल्याला महाराजांनी अन्नदान सुरू केले, ते १९१३ साली महाराज गेल्यावरही चालूच राहिले. दुपारी कुणीही जावे, पंगतीला बसावे, जात-गाव कुणी विचारत नाही. सरकारनेही करून पाहिले. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर निघाली, पुढे काही वर्षांत बंद पडली. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. टाळेबंदीत ती पाच रुपयांना आणि नंतर काही काळ फुकटही दिली. त्या रांगेत बायका किती होत्या, ते तुम्ही आठवून पाहा.

बाजाराच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून आपल्या बायका सकाळी आठला येतात. डोक्यावर अंडी, कोथिंबीर, घेवडा. गडीमाणसे दुपारी हॉटेलात शिरतात, भजी-मिसळ खातात, चहा पितात. बाई कुठे जाते? हॉटेलात एकटी गेली तर चार माणसे वळून बघतात. भाकरी बरोबर आणली असली तरी रस्त्याच्या कडेला पदराआड तोंड करून किती खाणार? पाणी पीत नाही, कारण मग जायचे कुठे हा प्रश्न. चारच्या एस.टी.ने तशीच घरी जाते आणि गेल्या गेल्या चूल पेटवते. मी स्वतः वीस वर्षे असेच केले आहे. मला त्यात काही वावगे दिसत नव्हते. त्या झाडणाऱ्या बाईने चमचा काढून घेतला नसता तर अजूनही दिसले नसते.

मंडळाची ही खोली बाजाराच्या दिवशी कुलपात असते. मागे संडास आहे, नळ आहे. अध्यक्षाबाईंना मी विचारले, त्यांनी किल्ली द्यायचे कबूल केले. खर्च काही नाही. खानावळ काढायची नाही, विकायचे नाही, देणगी मागायची नाही. येत्या बाजाराला बारा वाजता मी दार उघडणार आहे. दोन सतरंज्या घालीन, घागर भरून ठेवीन. प्रत्येकीने आपली भाकरी आपण आणावी आणि मधोमध सोडावी. वस्तीवरच्या बायका आपणहून आत यायच्या नाहीत, त्यांना हात धरून आणावे लागेल. ते काम तरुण पोरींनी करावे. शेंगदाण्याची चटणी आणि खरडा माझ्याकडे. ताक कुणी आणत असेल तर आताच सांगा, म्हणजे मी गाडगे ठेवते.